बेबीताईंचे लपविलेले कागद

आपल्या विहारात वर्षावासाच्या तीन महिन्यांत दर रविवारी सायंकाळी वाचनवर्ग चालतो, हे सभासद बंधू-भगिनींना ठाऊकच आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन तर होतेच. पण मागील वर्षावासात विद्यार्थ्यांच्या आग्रहावरून आम्ही बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' हे आत्मकथनही वाचावयास घेतले होते. वाचन संपले त्या रविवारी आम्ही ताईंच्या जीवनाविषयी थोडी माहिती सांगितली. बोलता बोलता असेही सांगितले की, ताईंना स्वतःच्या संसारात नवऱ्याचा मार सोसावा लागला आणि हे त्यांनी फार उशिरा, एका मुलाखतीत सांगितले. तेव्हा बारावीत शिकणारी एक मुलगी उठली व म्हणाली, "मॅडम, मग पुस्तकात हे का नाही? सगळ्या महारवाड्याचं लिहिलं, मग स्वतःचं का लपवलं?"

आम्ही उत्तर देण्यापूर्वीच मागे बसलेले एक वयोवृद्ध उपासक म्हणाले, "पोरी, घरातलं असं चव्हाट्यावर मांडायचं नसतं."

मुलगी खाली बसली. आम्हीही गप्प राहिलो. सरणत्तय झाले, सर्वजण घरी गेले. परंतु त्या मुलीचा प्रश्न आमच्या डोक्यातून गेला नाही, आणि त्या उपासकांचे उत्तर तर मुळीच गेले नाही. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा त्या दिवशी न दिलेले उत्तर येथे द्यावे असे ठरविले. लेख विद्यार्थ्यांसाठी आहे. ज्येष्ठांनीही वाचावा अशी विनंती आहे.

प्रथम बेबीताईंविषयी. त्यांचा जन्म १९२९ सालचा. वीरगाव या आजोळच्या गावी त्यांचे बालपण गेले व पुढचे सारे आयुष्य सातारा जिल्ह्यातील फलटणला. वयाच्या तेराव्या वर्षी लग्न झाले. नवऱ्याला नोकरी नव्हती. तेव्हा दोघांनी द्राक्षांच्या पेट्यांतली सुटी द्राक्षे विकण्यापासून सुरुवात केली, मग भाजीपाला, मग किराणा मालाचे छोटेसे दुकान. दुकानात माल बांधून देण्यासाठी रद्दी येत असे. गिऱ्हाईक नसताना ताई ती रद्दी वाचीत. पुड्या बांधण्याच्या कागदावर ज्यांचे शिक्षण झाले अशी ही बाई! पुढे ग्रंथालयातील पुस्तके वाचू लागल्या आणि वाचता वाचता लिहू लागल्या. परंतु लिहिलेले कागद नवऱ्याच्या व मुलाच्या दृष्टीस पडू नयेत म्हणून त्या लपवून ठेवीत. असे सुमारे वीस वर्षे चालले. फलटणमध्ये काम करणाऱ्या अमेरिकन विदुषी मॅक्सिन बर्नसन यांच्या प्रोत्साहनामुळे ते लेखन बाहेर आले. १९८२ साली 'स्त्री' मासिकातून ते क्रमशः छापले गेले आणि १९८६ साली पुस्तकरूपाने आले. दलित स्त्रीने लिहिलेल्या मराठीतील अगदी पहिल्या आत्मकथनांत त्याची गणना होते. ताई २०१२ साली निवर्तल्या.

आता पुस्तकात काय आहे ते पाहू. पुस्तकात स्त्रियांना होणारी मारहाण नाही असे नव्हे. उलट तिचे इतके उघडे वर्णन त्यापूर्वी क्वचितच कोणी केले असेल. आठ-नऊ वर्षांची पोर सासरी येते, पहाटेपासून दळण, पाणी, भाकरी. भाकरी बिघडली की सासूचा मार. मार असह्य झाला की पोर माहेरी पळते, आणि बाप किंवा भाऊ तिला मारीत-झोडपीत परत आणून पोचवितो. मग पुन्हा पळू नये म्हणून तिच्या पायात खोडा घालतात. सुताराकडून जड लाकडी ओंडका करून घ्यायचा, त्याला पाय जाईल एवढे भोक पाडायचे, पाय अडकवून आडवी खीळ मारायची. तो ओंडका ओढीत पोरीने घरची सारी कामे करायची. पाय रक्तबंबाळ होत. संशयावरून सुनेचे नाक कापल्याचे प्रकारही ताईंनी लिहिले आहेत. वाचनवर्गात हा भाग आला तेव्हा मुली अंग चोरून बसल्या होत्या आणि मुलगे जमिनीकडे पाहत होते.

असे का होत होते, याचेही ताईंनी विवेचन केले आहे. ते थोडक्यात असे की, गावाने महाराला गुलाम केले, पण गुलामालाही कोणावर तरी हुकूम गाजवावासा वाटतो. त्याला बाहेर कोणी सापडत नाही, म्हणून तो घरातल्या सुनेला गुलाम करतो. हे विवेचन फार मोलाचे आहे. समाजशास्त्राची पदवी नसलेल्या, चौथीपर्यंत शिकलेल्या बाईने ते किराण्याच्या गल्ल्यावर बसून केले आहे. मात्र आम्हांस येथे एक शंका येते व ती नोंदवून ठेवतो. गुलामी गेली, तराळकी गेली, मुलगा सरकारी नोकरीत लागला, फ्लॅट झाला, दारात मोटारसायकल आली, भिंतीवर बाबासाहेबांची व तथागतांची मोठी तसबीर लागली. तरी त्याच तसबिरीखाली हात उगारला जातो. तेथे कोणत्या गावकामगार पाटलाच्या अन्यायाचा राग निघतो आहे? ताईंचे कारण त्यांच्या काळापुरते खरे होते. आजच्या माणसाने त्यामागे दडू नये.

आता पुस्तकात जे नाही त्याकडे वळू. या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर माया पंडित यांनी केले व ते २००८ साली प्रसिद्ध झाले. त्याला जोडून ताईंची एक दीर्घ मुलाखत आहे. तीत ताईंनी प्रथमच आपल्या संसाराविषयी मोकळेपणी सांगितले. पती संशयी स्वभावाचे होते. एकदा दोघे एका सभेसाठी रेल्वेने मुंबईला निघाले. डब्यात गर्दी होती. काही तरुणांनी ताईंकडे पाहिले. पाहिले, एवढेच. त्यावरून पतीने ताईंना इतके मारले की नाकातून रक्त वाहू लागले. सभा चळवळीची होती, हे लक्षात घ्यावे. समतेच्या सभेला निघालेल्या माणसाने वाटेतच बायकोचे नाक फोडले.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. ताईंनी हे पुस्तकात का लिहिले नाही?

मुलाखतीतील त्यांच्या बोलण्याचा आशय असा की, त्या काळी बहुतेक बायकांच्या वाट्याला हेच होते. जे सगळ्यांचेच होते ते आपले एकटीचे म्हणून काय सांगायचे? त्यांना समाजाची कहाणी सांगायची होती, स्वतःची नव्हे. हे उत्तर त्यांच्या मोठेपणाला शोभणारे आहे आणि ते आम्ही खरेही मानतो. पण ते पुरे वाटत नाही. वीस वर्षे ज्यांच्यापासून कागद लपवावे लागले त्याच माणसांविषयी त्या कागदात काय लिहिणार? कागद सापडला तर समाजाविषयीचा मजकूर कदाचित माफ झाला असता. नवऱ्याविषयीचा झाला नसता. शिवाय आणखी एक गोष्ट आहे, जी बाहेरच्या वाचकाला पटकन कळणार नाही, पण आपल्याला कळते. आपल्या वस्तीतील बाईने आपल्या पुरुषाविषयी तोंड उघडले की बाहेरचे लोक लगेच म्हणतात, "या लोकांत असंच चालतं." जणू त्यांच्या वाड्यांत व बंगल्यांत कधी कोणी हात उचललाच नाही! या टोमण्याच्या भीतीने आपल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या ओठ शिवून घेतले. जातीचा मार उघड सांगायचा आणि घरचा मार झाकायचा, असे दुहेरी ओझे त्यांनी वाहिले. म्हणून मुली, ताईंनी लपविले यात त्यांचा भित्रेपणा नव्हता. ज्यांनी लपवायला लावले त्यांच्याकडे बोट जाते, आणि त्यांत आपणही आलो.

हे शेवटचे वाक्य आम्ही सहज लिहिलेले नाही. काही वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

आपल्याच वस्तीतील एक भगिनी नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून दोन मुलांना घेऊन रात्री विहारात आली. नवरा चळवळीतला, सभांतून पुढे बसणारा. दुसऱ्या दिवशी बैठक बसली. चार पुरुष, दोन स्त्रिया. त्या दोन स्त्रियांत आम्ही एक. नवऱ्याने सर्वांसमक्ष चूक कबूल केली, यापुढे दारू पिणार नाही असे सांगितले. पंचशीलही पुन्हा घेतले. आम्हां सर्वांस फार बरे वाटले. कागदावर तडजोड लिहिली, तिच्यावर साक्षीदार म्हणून आम्ही सही केली. ती भगिनी मात्र काही बोलत नव्हती. "तुला मान्य आहे ना?" असे विचारल्यावर तिने मान हलविली. कोणी तिला एकटीला बाजूला नेऊन विचारले नाही. नवऱ्याच्या शेजारी बसवूनच विचारले. तीन आठवड्यांनी ती पुन्हा आली तेव्हा तिच्या डाव्या हाताला प्लास्टर होते. तडजोडीच्या कागदाचा तिला एवढाच उपयोग झाला होता की, नवरा म्हणाला होता, "आता जा ना विहारात, त्यांनीच तुला परत पाठवली."

त्या कागदावरील आमची सही अद्याप फायलीत आहे.

या वेळी तिला परत पाठविले नाही. एका सभासद भगिनीच्या घरी ठेवले. पुढे जे काही शिकलो ते तिच्यामुळे शिकलो. म्हणून आता थोडे धम्मात काय आहे व थोडे कायद्यात काय आहे, ते विद्यार्थ्यांसाठी सांगतो.

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाची कर्तव्ये सांगितली आहेत. त्यात पत्नीची कर्तव्ये आहेत, ती तर लग्नाच्या मंगल परिणयात वधूला सांगितलीच जातात. पण त्याआधी पतीची पाच कर्तव्ये आहेत : पत्नीचा सन्मान करणे, तिचा अवमान न करणे, तिच्याशी एकनिष्ठ राहणे, घरातील अधिकार तिच्या हाती देणे आणि तिला वस्त्रालंकार देणे. क्रम पाहावा. मारू नये एवढ्यावर बुद्ध थांबत नाहीत, अवमानही करू नये म्हणतात. आणि घरातील अधिकार तिच्या हाती द्यावा, हे अडीच हजार वर्षांपूर्वी सांगतात. आमच्या बँकेच्या काउंटरवर रोज जे दिसते त्यावरून हे चौथे कर्तव्य सर्वांत दुर्लक्षित आहे असे आम्ही खात्रीने म्हणू शकतो. त्याविषयी पुढे.

थेरीगाथेत चंदा नावाच्या थेरीची हकिकत आहे. ती विधवा, निपुत्रिक, नातेवाईक नाहीत, अन्न नाही, वस्त्र नाही. सात वर्षे ती हातात काठी व भांडे घेऊन दारोदार हिंडली. एके दिवशी तिला भिक्खुणी दिसली, जिला अन्नपाणी मिळत होते. ती तिच्याकडे गेली व मला संघात घ्या म्हणाली. पटाचारेने करुणेने तिला प्रव्रज्या दिली आणि त्यानंतर उपदेश केला. ही पटाचारा कोण? जिने नवरा, दोन मुले, आई-वडील, भाऊ एकाच आपत्तीत गमावले व जी वेडीपिशी होऊन रस्त्याने फिरत होती, तीच. पुढे ती विनयात पारंगत झाली आणि अनेक स्त्रिया तिच्या हाताखाली घडल्या. आमच्या मते या हकिकतीत शिकण्यासारखे दोन मुद्दे आहेत. चंदा ज्ञानासाठी आली नव्हती, भुकेने आली होती. तरी पटाचारेने तिला परत पाठविले नाही, किंवा आधी तुझी श्रद्धा दाखव म्हणून अडविले नाही. आधी आत घेतले, मग शिकविले. आणि दुसरे असे की, जी स्वतः उद्ध्वस्त झाली होती तिनेच दुसरीला हात दिला. आम्ही बैठकीत याच्या उलट केले होते : आधी उपदेश केला आणि मग बाहेर पाठविले.

परमपूज्य बाबासाहेबांनी स्त्रियांसाठी काय केले याचे वर्णन प्रत्येक स्मरणिकेत असते, म्हणून विस्तार करीत नाही. फक्त २० जुलै १९४२ रोजी नागपूरला भरलेल्या अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषदेची आठवण देतो. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. बाबासाहेबांनी तेथे स्त्रियांना सांगितले की, लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याच्या बाजूला मैत्रीण म्हणून, बरोबरीची म्हणून उभे राहावे, दासी होण्यास नकार द्यावा. त्याच परिषदेत स्त्रीला घटस्फोटाचा हक्क असावा व एकाहून अधिक बायका करण्याची चाल बंद व्हावी, असे ठराव स्त्रियांनी मांडून संमत केले. म्हणजे आपल्या आज्या-पणज्या घरातली गोष्ट ऐंशी वर्षांपूर्वीच चव्हाट्यावर, नव्हे, हजारोंच्या परिषदेत मांडून मोकळ्या झाल्या होत्या. त्या वयोवृद्ध उपासकांना आम्ही हे नंतर आदरपूर्वक सांगितले. हिंदू कोड बिल रखडले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यामागील कारणांत हे एक प्रमुख कारण होते. १९५५ चा हिंदू विवाह कायदा आपणां बौद्धांनाही लागू आहे. त्यात आरंभी छळ हे केवळ वेगळे राहण्याचे कारण होते. १९७६ च्या दुरुस्तीने ते घटस्फोटाचेही कारण झाले.

१९८३ साली भारतीय दंड संहितेत ४९८-अ हे कलम आले. बहुतेकांना तोच एक कायदा ठाऊक असतो. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली असून तोच गुन्हा आता तिच्या ८५ व ८६ या कलमांत आहे. पोलीस ठाण्यात अजूनही लोक 'चारशे अठ्ठ्याण्णव' असेच म्हणतात. हा फौजदारी मार्ग झाला. नवऱ्याला तुरुंगात पाठवावे असे प्रत्येक बाईला वाटतेच असे नाही. पुष्कळदा तिला एवढेच हवे असते की मार थांबावा, डोक्यावरचे छप्पर जाऊ नये व मुलांची फी भरली जावी. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा आहे. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. यात हिंसा म्हणजे केवळ मारहाण नव्हे. घालूनपाडून बोलणे, लैंगिक जबरदस्ती आणि पैशाची कोंडी करणे हीही हिंसाच होय. घर नवऱ्याच्या नावावर असो वा नसो, सामाईक घरात राहण्याचा तिला हक्क आहे. घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असले तरी तेवढ्यावरून तिचा हक्क नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये एका निकालात सांगितले. संरक्षणाचा हुकूम, राहण्याचा हुकूम, खर्चाची रक्कम, मुलांचा ताबा, स्त्रीधन परत, हे सारे एकाच अर्जात दंडाधिकाऱ्यांकडे मागता येते. अर्जासाठी संरक्षण अधिकारी मदत करतो. संरक्षणाचा हुकूम मोडला तर तो मात्र गुन्हा होतो. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबण्याचे कारण नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तातडीच्या वेळी ११२, आणि सल्ल्यासाठी महिलांची मदतवाहिनी १८१. मुंबईत पोलीस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तेथपासून पोलिसांच्या आवारात समाजसेविका बसण्याची पद्धत पडली. कायदा साठ दिवसांत निकालाचा प्रयत्न करण्यास सांगतो. प्रत्यक्षात तारखा पडतात, हेही बाईला पहिल्याच दिवशी सांगावे. खोटी आशा दाखवू नये.

एक गोष्ट आपल्या समाजापुरती. काडीमोड पंचांसमक्ष स्टॅम्पपेपरवर लिहून देण्याची रीत अद्याप कोठे कोठे चालते. त्यावर 'माझी काही मागणी राहिली नाही' असे वाक्य हमखास असते. बाईने न वाचता सही करू नये आणि पंचांनी ते लिहूनच घेऊ नये.

आता बँकेविषयी. हा भाग आमच्या रोजच्या कामातला असल्याने थोडा लांबला तरी वाचकांनी सांभाळून घ्यावे. बाई घर सोडून येते तेव्हा तिच्या हातात बहुधा कापडी पिशवी असते आणि कडेवर मूल. आधार कार्ड घरी, पासबुक घरी, एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात. वर उल्लेख केलेली भगिनी प्लास्टर असलेल्या हाताने आमच्या काउंटरवर आली आणि स्वतःच्या खात्यात किती पैसे आहेत असे तिने विचारले. शिवणकामाचे तिने साठविलेले चोवीस हजार रुपये होते. आदल्या दिवसापर्यंत. खाते दोघांचे, 'दोघांपैकी कोणीही' काढू शकेल असे. नवऱ्याने सर्व काढले होते. नियमाप्रमाणे त्यात काहीच गैर नव्हते, आणि ते तिला सांगण्याचे काम आमच्या वाट्याला आले. तिने एवढेच विचारले, "मॅडम, मला मेसेज कसा नाही आला?" खात्याला जोडलेला मोबाईल नंबर नवऱ्याचा होता.

म्हणून मुलींनो, विशेषतः ज्या नोकरीला लागाल त्यांनी ऐकावे. स्वतःच्या एकटीच्या नावाचे एक खाते असू द्या. मूलभूत बचत खात्याला किमान शिलकीची अट नसते. २०१४ साली आलेल्या जनधन योजनेतील खातीही तशीच. खात्याला स्वतःचा मोबाईल नंबर जोडा. तो बदलायचा तर शाखेत अर्ज करावा लागतो, दहा मिनिटांचे काम आहे. घर सोडण्याची वेळ आलीच तर नवे कार्ड मागण्याआधी नंबर बदलून घ्या, नाहीतर तुम्ही कोठल्या एटीएममधून पैसे काढले हेही त्याला कळेल. जोडखात्यात तुमचे पैसे असतील व भांडण झाले असेल तर शाखेला लेखी हरकत द्या. मग सर्वसाधारणपणे बँक एकाच्या सहीने पैसे देणे थांबविते. अर्जाच्या प्रतीवर शिक्का घेण्यास विसरू नका. पिन कोणासही सांगू नये असे आम्ही दिवसभर सांगतो, आणि दिवसभर नवरे बायकांची कार्डे घेऊन रांगेत उभे असतात. २०२४ साली राज्य शासनाने लाडकी बहीण योजना सुरू केली तेव्हा दरमहा दीड हजार रुपयांसाठी कितीतरी बायका प्रथमच स्वतःच्या खात्यासाठी आल्या. अर्ज भरताना काही नवरेच विचारीत, "एटीएम कधी मिळेल?" आम्ही कार्ड बाईच्याच हातात देत असू. दारापर्यंत ते तिच्या हातात असे, एवढेच.

सोन्याचेही तेच. बायकोचे दागिने नवऱ्याच्या नावाने तारण ठेवले जातात, पावती त्याच्या नावाची निघते. दागिन्यांच्या खरेदीच्या पावत्या व लग्नातील फोटो जपून ठेवावेत, स्त्रीधन मागताना तेच पुरावे होतात. लग्नाची नोंदणी १९९८ च्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे करून घ्यावी. संस्थेचे छापील विवाह प्रमाणपत्र हा आधार असतो, पण नोंदणीची जागा ते घेऊ शकत नाही. आपली संस्था आता विवाह लावताना नोंदणीचा अर्जही त्याच दिवशी भरून घेते, ही समाधानाची बाब आहे.

त्या भगिनीचे पुढे काय झाले, असे वाचकांस वाटेल. तिने घरी राहण्याचा हुकूम मिळविला नाही. तेथे परत जायचेच नाही म्हणाली. खर्चाच्या रकमेचा हुकूम झाला, तो वेळेवर पाळला जात नाही. तिने दोन खोल्या भाड्याने घेऊन डबे द्यायला सुरुवात केली. पहिल्या महिन्यात चार डबे होते, आज चाळीसच्या वर आहेत. मोठा मुलगा आयटीआयला आहे. मधली दोन वर्षे फार वाईट गेली; मुले आजारी पडली की ती परत जाण्याचा विचार करी, एकदा गेलीही व आठ दिवसांनी परतली. त्या वेळी आम्ही काही बोललो नाही, ताट वाढले. पुढे आमच्या वाचनात आले की पुष्कळ बायका अनेकदा परत जातात व मगच कायमच्या सुटतात. मदत करणाऱ्याने त्यामुळे रागावू नये.

आता वस्तीतील कोणा बाईवर वेळ आली तर ती प्रथम आमच्याकडे येत नाही, या डबेवाल्या ताईंकडे जाते. ताई आपले डबे पोचवून तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात जातात, संरक्षण अधिकाऱ्याच्या कार्यालयात बसतात. बोलत फारसे नाहीत. परंतु बैठक बसली तर बाईला नवऱ्यापासून वेगळ्या खोलीत नेऊन विचारावयाचे, हा नियम त्यांनी कार्यकारिणीकडून लिहून घेतला आहे. त्या वेळी जो वाद झाला तो इतिवृत्तात आहे, येथे देत नाही.

बेबीताईंनी नवऱ्यापासून लपवून लिहिलेल्या पुस्तकामुळे फलटणजवळच्या निंबुरे या गावची त्यांची आश्रमशाळाही पुष्कळांना माहीत झाली. ज्या घरात त्यांना मार बसला त्याच घरातून बाहेर येऊन त्यांनी ती उपेक्षित समाजातील मुलांसाठी उभी केली. वाचनवर्गातील मुलींनी सहल काढून फलटणला जायचे ठरविले आहे, परीक्षा झाल्यावर.

प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीने आणखी एक काम अंगावर घेतले. विहारातील लोखंडी कपाटात वरच्या तीन खणांत धम्मग्रंथ आहेत, तळचा खण रिकामा होता. तेथे आता बंद पाकिटे ठेवली जातात. ज्या बाईला वाटेल तिने आपल्या आधार कार्डाची, पासबुकाच्या पहिल्या पानाची, लग्नाच्या दाखल्याची व मुलांच्या जन्मदाखल्यांची झेरॉक्स, दवाखान्याचे कागद असतील तर तेही, पाकिटात घालून द्यावेत. पाकिटावर नाव नसते, नुसता आकडा असतो. हा लेख लिहीत असताना एकोणीस पाकिटे झाली आहेत. किल्ल्या दोनच आहेत : एक डबेवाल्या ताईंकडे आणि दुसरी त्या मुलीकडे. कार्यकारिणीने एक किल्ली मागितली होती. अद्याप दिलेली नाही.